भाडे थकले आणि घर सोडण्याची नोटीस आली, तर

घरभाडे एकाएकी थकत नाही. आधी घरात कोणाचे तरी आजारपण येते किंवा काम सुटते. मग एक महिना मालकाला शब्द देऊन निभावतो, दुसरा अर्ध्या रकमेवर निघतो आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात पोस्टमन वकिलाचे पाकीट घेऊन दारात उभा राहतो. त्या पाकिटाच्या धास्तीने काही कुटुंबे कोर्टाची पायरीही न चढता घर रिकामे करतात, तर काही त्याच आठवड्यात सावकाराकडे जातात. महाराष्ट्रातील कायद्याने भाडेकरूला नेमका किती वेळ दिला आहे, हे ठाऊक असेल तर या दोन्ही गोष्टी पुष्कळदा टाळता येतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. अमेरिकेत करोनाच्या काळात थकलेले भाडे भरून देण्यासाठी तेथील केंद्र सरकारने दोन कायदे करून राज्यांना आणि शहरांना ४६ अब्ज डॉलरहून अधिक निधी दिला होता. आपल्याकडे कोणाही गरजू भाडेकरूला थकबाकी भरून देईल अशी योजना नाही. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना दिली होती, पण तीही भाडे माफ करणारी नव्हती. त्यामुळे येथील भाडेकरूला मिळणारी खरी मदत म्हणजे मुदत, मोफत वकील आणि इतर खर्चांसाठी मिळणारे सरकारी साहाय्य. या तिन्हींचा मेळ घातला, तर घर वाचण्याची शक्यता बरीच वाढते.

आधी आपले कागद पाहा

आपण कोणत्या प्रकारचे भाडेकरू आहोत, हे सर्वांत आधी ठरवावे लागते, कारण पुढचा सगळा मार्ग त्यावर अवलंबून असतो. चाळीतील जुन्या खोलीची भाडेपावती असेल, पागडीची जागा असेल किंवा रीतसर भाडेकरार असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १५ चे संरक्षण आपल्याला मिळते. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे आणि राज्यातील बहुतेक शहरी भागांना लागू आहे. अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार असेल, तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. त्या कराराबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

हातात कोणताच कागद नसलेले लोकही कमी नाहीत, विशेषतः वस्त्यांमध्ये आणि गावठाणांत. त्यांनी खचून जाऊ नये. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी याच कायद्याच्या कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे आणि तसा नोंदलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. भाड्याची पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे. ती मिळत नसेल तर यूपीआयने भरलेल्या रकमांचे तपशील, बँकेचे पासबुक, त्या पत्त्यावरचे वीजबिल, गॅसची पुस्तिका, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, शेजाऱ्यांची साक्ष, असे जे जे हाती लागेल ते एका पिशवीत जमा करावे. घोषित झोपडपट्टीत राहत असाल तर आणखी एक आधार आहे: १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे तेथील रहिवाशाविरुद्ध घर खाली करण्याचा दावा लावण्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याची (या कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याची) परवानगी घ्यावी लागते.

पावती सासऱ्यांच्या किंवा पतीच्या नावावर आहे आणि ते आता हयात नाहीत, अशीही अडचण वारंवार येते. ‘भाडेकरू गेला, आता तुमचा संबंध काय?’ असा प्रश्न अशा वेळी मालकाकडून विचारला जातो. मृत भाडेकरूसोबत त्याच्या मृत्यूसमयी त्या घरात राहणारी कुटुंबातील व्यक्ती भाडेकरू ठरू शकते, असे कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. पती घर सोडून निघून गेला असेल आणि पत्नी तेथेच राहत असेल, तर घर खाली करण्याच्या दाव्यात तिला आपला बचाव मांडता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मान्य केले आहे. ज्या बाईला हे ठाऊक नसते, ती नोटिशीवर दुसऱ्याचे नाव पाहून पाकीट परत पाठवते आणि तेथेच पहिली चूक होते.

नोटिशीनंतरचे ९० दिवस

पाकीट नाकारू नका. नाकारलेली नोटीसही बजावली गेली असेच सहसा मानले जाते आणि तिच्यात काय लिहिले होते, हे मात्र आपल्याला कळत नाही. पाकीट घ्यावे, त्यावर मिळाल्याची तारीख लिहावी आणि पाकीटही जपून ठेवावे, कारण मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

थकलेल्या भाड्याची लेखी मागणी करणारी नोटीस भाडेकरूला बजावल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला थकबाकीच्या कारणावरून दावाच लावता येत नाही, असे कलम १५ सांगते. नोटिशीत ‘आठ दिवसांत जागा खाली करा’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असले, तरी त्या आठ दिवसांनंतर कोणीही येऊन सामान बाहेर काढू शकत नाही. या ९० दिवसांत पूर्ण थकबाकी भरली, तर दाव्याचे कारणच उरत नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात हिशेब करावा. कोणत्या महिन्याचे किती भाडे दिले, किती राहिले, हे वहीत एकाखाली एक मांडावे. नोटिशीतला आकडा जास्त वाटत असेल, म्हणजे त्यात न केलेल्या दुरुस्त्या किंवा मनमानी भाडेवाढ घातली असेल, तर लक्षात ठेवावे की सर्वसाधारण वार्षिक वाढ कायद्याने ४ टक्क्यांपर्यंतच मान्य केली आहे. पण आकड्याच्या वादात मुदत घालवू नये. जे निर्विवाद देणे आहे ते तातडीने भरावे आणि उरलेल्याबद्दल वकिलाला विचारून, शक्य असेल तर हरकत राखून तेही भरावे. नोटिशीला उत्तर द्यावे, थोडक्यात द्यावे आणि पोच मिळेल अशा टपालाने पाठवावे. रागाच्या भरात लिहिलेली वाक्ये पुढे कोर्टात आपल्यालाच वाचून दाखवली जातात.

मालक पैसे घ्यायलाच तयार नसेल, आणि जुन्या जागांच्या बाबतीत हे फार घडते, तर भाडे मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवावे आणि शेऱ्यात ‘अमुक महिन्याचे भाडे’ असे स्पष्ट लिहावे. परत आलेल्या मनीऑर्डरची पावती फेकू नये. आपण पैसे देण्यास तयार आणि राजी होतो, हे दाखवणारा पुरावा तोच असतो.

पैसे कोठून आणायचे

ही पायरी सर्वांत कठीण आहे, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो. समजा, भाडे महिना ४,००० रुपये आहे आणि दहा महिन्यांचे ४०,००० थकले आहेत. सावकार शेकडा पाच रुपये महिना मागतो, म्हणजे महिन्याला २,००० आणि वर्षाला २४,००० रुपये नुसते व्याज. याच थकबाकीवर कायदा कोर्टात भरायला सांगतो ते व्याज वर्षाला सरळ १५ टक्के, म्हणजे पूर्ण वर्ष धरले तरी ६,००० रुपये. घाबरून सावकाराकडे धावणारा माणूस स्वस्त देणे फेडण्यासाठी चौपट महाग देणे अंगावर घेतो. शिवाय परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

कर्ज काढण्याआधी आपले स्वतःचे कोणाकडे अडकले आहे का, ते पाहावे. काम सुटले असेल तर शेवटचा पगार, रजेचे पैसे आणि सलग पाच वर्षे नोकरी झाली असल्यास ग्रॅच्युइटी मिळायला हवी. कामावरचा मालक ते देत नसेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करावा. भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासारख्या कारणांसाठी अंशतः रक्कम काढता येते. म्हातारपणाची शिदोरी मोडणे कोणालाच आवडत नाही, पण छप्पर जाण्याच्या वेळी ती वापरण्यात चूक नाही, असे माझे मत आहे. त्यानंतर बचत गटातले अंतर्गत कर्ज, कामाच्या ठिकाणची पतपेढी आणि बँकेतले सोनेतारण कर्ज यांचा विचार करावा. दिलेली अनामत रक्कम थकबाकीत वळती करण्याची विनंती मालकाला करता येते. तो राजी झाला, तर तसे दोघांच्या सहीने कागदावर घ्यावे, तोंडी बोलण्यावर राहू नये.

यापुढचा मार्ग फारसा कोणी सांगत नाही, पण मला तो सर्वांत उपयोगाचा वाटतो. भाड्यासाठी अनुदान मिळत नसले, तरी ज्या खर्चामुळे भाडे थकले त्या खर्चासाठी पुष्कळदा मिळते. तो खर्च सरकारी योजनेवर टाकला, की हातातले पैसे भाड्यासाठी मोकळे होतात. कारण दवाखाना असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात का, ते अंगीकृत (योजनेत सामील असलेल्या) रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारावे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. तेथील समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन जावे. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही गंभीर आजारांसाठी मदत मिळते.

घरातला कर्ता माणूस गेला असेल, त्याचे वय १८ ते ५९ च्या दरम्यान असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. वरच्या उदाहरणातली निम्मी थकबाकी एवढ्यानेच फिटते. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. विधवा, निराधार आणि अपंग व्यक्तींनी तेथेच संजय गांधी निराधार अनुदान योजनेचाही अर्ज द्यावा. ते मासिक अनुदान थकबाकी फेडण्यास पुरत नाही, पण पुढचे भाडे नियमित ठेवण्यास हातभार लावते. या अर्जांना वेळ लागतो, म्हणून नोटीस मिळाल्याच्या पहिल्या पंधरवड्यातच ते द्यावेत.

समन्स आल्यावर

९० दिवसांत पैसे उभे राहिले नाहीत आणि दावा लागला, तरी सर्व संपले असे समजू नये. मुंबईत हा दावा लघुवाद न्यायालयात चालतो. जेथे लघुवाद न्यायालय नाही, तेथे तो दिवाणी न्यायालयात, कनिष्ठ स्तरावर चालतो. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून पुन्हा ९० दिवस मिळतात. या अवधीत त्या तारखेपर्यंत देय असलेले सर्व प्रमाण भाडे (कायद्याने मान्य मूळ भाडे), मान्य वाढ आणि थकबाकीवर द.सा.द.शे. १५ टक्के सरळ व्याज मालकाला दिले किंवा कोर्टात जमा केले, त्यानंतर दाव्याचा निकाल लागेपर्यंत दरमहा भाडे नियमित भरत राहिले आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा आदेश, होऊ शकत नाही.

या अटीत कोर्टे सूट देत नाहीत, असे गृहीत धरूनच वागावे. काही दिवसांचा उशीर, काही रुपयांचा कमी भरणा किंवा मधला एखादा चुकलेला महिना एवढ्यावरून वर्षानुवर्षांचे घर जाऊ शकते. म्हणून रक्कम जमा करण्याची परवानगी मागणारा अर्ज शेवटच्या आठवड्यावर न ढकलता तीन-चार आठवडे आधीच वकिलाकरवी द्यावा, व्याजाचा हिशेब दोनदा तपासावा आणि शंका असेल तेथे थोडी रक्कम जास्तच भरावी. चलनाची प्रत, पावती आणि रोजनाम्याची (कोर्टाच्या तारखांच्या कामकाजाच्या नोंदीची) नक्कल एकत्र ठेवावी.

हे संरक्षण फक्त थकबाकीच्या कारणाला लागू आहे, हेही ध्यानात असू द्यावे. त्याच दाव्यात मालकाने स्वतःच्या वाजवी गरजेचे, पोटभाडेकरू ठेवल्याचे किंवा जागा सबळ कारणाशिवाय सहा महिने वापरात नसल्याचे कारण जोडले असेल, तर त्याला कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) स्वतंत्र उत्तर द्यावे लागते. कैफियत समन्सनंतर ३० दिवसांत द्यायची असते. कोर्ट कारणे पाहून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून तारखेला न जाणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता, आणि इतरांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांच्या उत्पन्नमर्यादेत, सरकारी खर्चाने वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि तालुक्याला समिती असते. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. अर्ज साध्या कागदावरही चालतो. घरातली भाडेकरू स्त्री असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अडून राहण्याचे कारण नाही.

याच कार्यालयातून दावा लागण्यापूर्वीही प्रकरण तडजोडीसाठी लोकअदालतीत ठेवता येते. थकबाकी हप्त्यांनी फेडायची असेल तर हा मार्ग चांगला आहे, कारण बहुतेक घरमालकांनाही वर्षानुवर्षे कोर्टात फिरण्यापेक्षा आपले पैसे हवे असतात. पण लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा. समोरच्याच्या समाधानासाठी मोठा आकडा मान्य करून तिसऱ्या महिन्यात हप्ता चुकला, तर परत उभे राहायला जागा राहत नाही.

एकतर्फी निकाल झाला असेल, तर तो रद्द करण्याच्या अर्जाला सर्वसाधारणपणे ३० दिवस मिळतात, आणि भाडे नियंत्रण कायद्याखालील अपिलालाही ३० दिवसच मिळतात.

लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर

येथे कायदा मालकाच्या बाजूला झुकलेला आहे, हे मान्य करून चालावे. कराराची मुदत संपल्यावरही घर सोडले नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडून) ताबा मिळतो आणि मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई लागू होते. त्यामुळे थकबाकीबरोबर हा दुप्पट आकडा चढू देऊ नये. मुदत शिल्लक असेल तर थकबाकी अनामतीतून वळती करून घेण्याचा आणि बाहेर पडण्याची तारीख लेखी ठरवण्याचा प्रयत्न करावा. सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स आलेच, तर ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते, अन्यथा मालकाचे म्हणणे मान्य केले असे धरून आदेश होतो. विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याच आठवड्यात जावे.

‘दोन महिने भाडे थकले की घर जाते, असा नवा कायदा आला आहे’ असे सांगितले जाते. ते २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्याबद्दल असते. तो राज्यांसाठी तयार केलेला नमुना आहे आणि राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय कोणालाही लागू होत नाही.

कुलूप लावले, वीज तोडली, तर

कोर्टाच्या किंवा सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय मालकाला, त्याच्या माणसांना किंवा पोलिसांनाही भाडेकरूला बाहेर काढण्याचा अधिकार नाही. कोणी धमकावत असेल किंवा कुलूप तोडत असेल तर ११२ वर फोन करावा, मोबाइलवर चित्रण करावे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. बाहेर काढलेच, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्याचा दावा लावता येतो. जागेचा मालक कोण, हा प्रश्न त्या दाव्यात पाहिला जात नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कायदेशीर मार्गाशिवाय गेला का, एवढेच पाहिले जाते. कागद नसलेल्या भाडेकरूला याचा मोठा आधार असतो.

पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला जेरीस आणणे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने मना केले आहे. त्याविरुद्ध कोर्टात अर्ज केल्यास पुरवठा पूर्ववत करण्याचा आदेश मिळतो. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे जागेत राहणाऱ्यालाही स्वतःच्या नावाने जोडणी मागता येते.

घर सोडावेच लागले तर

सगळे प्रयत्न करूनही काही वेळा घर सोडावे लागते. अशा वेळी किल्ली देताना ताबा दिल्याची तारीख, मीटरचे आकडे आणि अनामतीचा हिशेब लिहिलेल्या कागदावर मालकाची सही घ्यावी आणि रिकाम्या घराची छायाचित्रे काढून ठेवावीत. कोर्टात प्रकरण चालू असेल तर नवा पत्ता वकिलाला आणि कोर्टाला कळवावा. शिधापत्रिकेवर धान्य मिळत असेल, तर ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेमुळे नव्या भागातील दुकानातूनही ते घेता येते. मुलांची शाळा बदलायची असल्यास शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला विनाविलंब द्यायचा असतो आणि तो मिळण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.